अकरा ते एक, रविवार सोडून

मला दिसत नाही, म्हणून आमच्या घरच्यांना मला बघायचं असतं. साधा फोन त्यांना चालत नाही. रोज साडेअकराला पुण्याहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल येणार, मी लॅपटॉपसमोर बसणार, आणि तो म्हणणार, "आत्या, जरा मागं सरका, नुसतं कपाळ दिसतंय." मी मागं सरकले की तो माझ्या पाठीमागचा ओटा बघायचा, गॅसचं बटण बघायचा, माझ्या साडीवर डाग पडलाय का तेही बघत असणार. मला त्याचा आवाज यायचा आणि त्याच्या ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनचा. ही अट होती आणि ती मी कबूल केली होती.

अट कशाची, ते सांगते. सोलापुरात शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा थोरला भाऊ राहत होतो. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी लग्न केलेलं नव्हतं. पाडवा झाला आणि दादा म्हणाला, थोडे दिवस पोराकडं जाऊन येतो, बदल होईल. तो गेल्यावर मी कपाट चाचपलं, तर त्याचा स्वेटर नव्हता. चैत्रात थोड्या दिवसांसाठी जाणारा माणूस स्वेटर नेत नाही. दोन दिवसांनी पुतण्याचा फोन आला की बाबा आता इथंच राहतील, तुम्हीही या. मी नाही म्हटलं. खूप बोलाचाली झाली आणि शेवटी ठरलं की जूनपर्यंत मी एकटी राहून दाखवायचं. जमलं तर सोलापूर, नाही जमलं तर तो गाडी घेऊन येणार आणि मला उचलून नेणार. जमतंय की नाही हे तो रोज कॉलवर डोळ्यांनी बघणार.

माझी नजर बाविसाव्या वर्षी गेली. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. आधी मधलं गेलं, मग हळूहळू कडेचंही. पुढं मी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता अंध मुलांच्या एका शाळेत अकरा ते एक ब्रेल शिकवायला जात होते. दादा मला गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसवून द्यायचा आणि एकला तिथंच उभा असायचा. तो तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होता, वायरी आणि मशीन म्हणजे त्याचा जीव. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स त्यानंच टाकून दिलं. त्यावर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावर जे असेल ते मशीन बोलून दाखवतं.

ते बोलणं फार वेगानं असतं. आमच्यासारख्यांना सवय होते, कान पुढं पळतो आणि मग मशीनला अजून पळवावंसं वाटतं. माझा वेग मी इतका चढवलेला होता की दुसऱ्या कुणाला खलबत्त्यात शेंगा कुटताहेत असं वाटावं. खालच्या मजल्यावर पिको-फॉल करणारी एक बाई राहते. तिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "आपा, ये कौन सी जबान है?" मराठी आहे म्हटलं, तर ती मनापासून हसली. मला त्या वेगाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. डोळस माणसाला पेपर वाचायला तास लागतो, तो मी वीस मिनिटांत संपवायची.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तो सोमवार. शाळा होती तोवर कॉल दुपारी दोनला यायचा, सुट्टीपासून पुतण्यानं तो साडेअकरावर आणला. सकाळी भाकरी-चटणी खाल्ली, मेल बघितले, सगळं सुरळीत. अकरानंतर मशीनची वाचा बसली. बटण दाबलं की दोन-तीन सेकंद काही नाही, मग अर्धा शब्द, मग पुन्हा काही नाही. साडेअकराला कॉलची घंटी वाजली. कॉल घ्यायचं बटण कुठं आहे हे मशीननं सांगायला हवं, तर ते "स्वी" म्हणून थांबलं, आणि "कारा" म्हणेपर्यंत घंटी बंद झाली होती. दुसऱ्यांदा कॉल घेता आला, पण चित्र गोठलं. गोठलं ते कसं, हे मला नंतर कळलं. माझं तोंड उघडं होतं आणि डोळे वर गेलेले होते. पुतण्यानं ते पाच मिनिटं बघितलं आणि खालच्या बाईला फोन केला. ती धापा टाकत वर आली. "आपा, दरवाजा खोलो. भतीजे का फोन आया मेरेको. तुमे ठीक है नै?" मी ठीक होते. एक वाजून गेल्यावर मशीनही ठीक झालं, जसं काही घडलंच नव्हतं.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. अकराला अडायचं, एकला सुटायचं.

गुरुवारी पुतण्या साध्या फोनवर म्हणाला, "आत्या, मशीन जुनं झालंय आता. आणि तुम्ही पण..." पुढचं त्यानं गिळलं. मी म्हटलं, "मी पण काय?" तो म्हणाला, "काही नाही, ऊन फार आहे ना तिकडं." मला राग आला आणि रागाच्या खाली भीती होती. आठ-दहा दिवस असंच चाललं तर तो जूनची वाट बघणार नव्हता.

पहिला संशय उन्हावर गेला. सोलापूरच्या उन्हावर कुठलाही आळ घेतला तरी खपतो. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःच आपला वेग उतरवतं, हे मला माहीत होतं. मी लॅपटॉप टेबलावरून उचलून शहाबादी फरशीवर ठेवला, खाली स्टीलची परात पालथी घातली, शेजारी ओला पंचा पसरला आणि फॅन मोठा केला. मग तापमानाची आज्ञा देऊन बघितली. उत्तर यायला मिनिट लागलं, पण आलं ते असं की मशीन चांगलंच थंड होतं. तापले होते ते मीच.

मग विजेवर संशय घेतला. दुपारी दाब कमी होत असेल. खालच्या बाईला विचारलं, तर तिचं शिलाई मशीन नेहमीसारखंच पळत होतं. आमच्या अंध लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथं विचारलं. एकानं लिहिलं, प्रोसेसरच्या फ्रिक्वेन्सीची सर्व्हिस तपासा. म्हणजे प्रोसेसरनं किती वेगानं चालायचं हे ठरवणारी जी व्यवस्था असते, ती. ते वाचून मी अकराच्या आधी एकदा आकडा घेतला आणि अकरानंतर एकदा. आधी माझा प्रोसेसर सव्वीसशे मेगाहर्ट्झपर्यंत चढत होता. अकरानंतर तो आठशेवर बसला आणि काही केल्या हलेना.

आता हा खेळ माझ्या ओळखीचा होता. त्या सर्व्हिसमध्ये एक गव्हर्नर असतो. त्याला सांगायचं असतं, वीज वाचव किंवा जोरात पळव. मी जोरात पळवणारा गव्हर्नर बसवला. गव्हर्नर बदलला, कारभार तोच. शुक्रवारचा सगळा अकरा ते एक त्यात गेला, कारण मशीन एकेक अक्षर बोलायला इतका वेळ घेत होतं की आज्ञेचं शेपूट ऐकेपर्यंत तिचं डोकं मी विसरायची. पुतण्याचा कॉल त्या दिवशी मी घेतलाच नाही. साध्या फोनवर सांगितलं, आंघोळीला गेले होते.

एकटं वाटणं म्हणजे काय, हे मला त्या दोन तासांत कळलं. दिसत नसणं वेगळं आणि एकटं असणं वेगळं. पहिल्याची मला चाळीस वर्षांची सवय होती. दादा असताना घरात आवाज असायचे, त्याच्या चपला, त्याचं खाकरणं, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा. तो गेल्यावर घरात मला काही सांगणारं एवढं एकच यंत्र उरलं होतं, आणि तेही अडखळायला लागलं. बाहेर ऊन चढलं की गल्लीतली माणसं दारं लोटून घेतात. अशा वेळी मी बंद पडल्यासारख्या मशीनवर हात ठेवून बसून राहायची. रडले नाही, पण एकदा मोठ्यानं म्हणाले, "बोल की." कुणी ऐकलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

दादाला सांगावं असं रोज वाटायचं. मशीन त्यानंच बसवलेलं. पण त्याला सांगितलं की पुतण्याला कळणार, आणि मग "बघा, जमत नाही." शिवाय रविवारी पुतण्या घरून कॉल करायचा तेव्हाही दादा समोर यायचा नाही. मी विचारलं की पुतण्या सांगायचा, बाबा झोपलेत, बाबा खाली गेलेत. संध्याकाळी त्याचा साधा फोन यायचा तो दोन मिनिटांचा. जेवलीस का, ऊन किती आहे, ठेवतो. माझ्या मनात आलं, सुटला बिचारा माझ्या जोखडातून, त्याला आता आठवणही नको असेल.

रविवारी कॉल लख्ख लागला. पुतण्या म्हणाला, "आज ऑफिसं बंद ना आत्या, नेटवर्कवर लोड नाही." मलाही ते पटलं. सोमवारी अकराला पुन्हा वाचा बसली. त्या आठवड्यात मला फक्त एवढंच सापडलं की प्रोसेसरची वरची हद्दच कुणीतरी आठशेवर आणून ठेवतं. म्हणून गव्हर्नर कितीही जोरकस बसवला तरी उपयोग नव्हता, त्याच्या डोक्यावर छत होतं. मी हातानं ते छत वर सरकवलं आणि मशीन लगेच घडाघडा बोलायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी खालच्या बाईकडं वाटीभर शेंगा-चटणी पाठवली. दुसऱ्या दिवशी अकराला छत पुन्हा खाली.

पुढच्या रविवारी कॉल पुन्हा लख्ख लागला. त्या दिवशी ऊन इतकं होतं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. पुतण्या नेटवर्क-नेटवर्क करत होता आणि मी त्याचं ऐकत नव्हते. उन्हाला रविवार कळत नाही. विजेला कळत नाही. प्रोसेसरला तर मुळीच नाही. ज्याला रविवार कळतो ते माणसाचं काम. अकराला बांधायचं, एकला सोडायचं, रविवारी सुट्टी. हे माझ्या शाळेचं वेळापत्रक होतं.

मी मशीनमधल्या टायमरची यादी मागवली. ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची ती यादी असते. नेहमीची चार-पाच कामं होती, अपडेट, साफसफाई वगैरे. त्यांच्या खाली आणखी एक होतं. सोमवार ते शनिवार, अकरा वाजता. त्याला जोडलेली सर्व्हिस होती चार ओळींची. सुरू झाली की हद्द आठशेवर आण, एक वाजला की होती तिथं ने. चार ओळींत एकही फालतू अक्षर नव्हतं. असं लिहिणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता.

मग मी लॉग उघडला. मशीन आपण केलेल्या प्रत्येक कामाची वेळेसकट नोंद ठेवतं, तो लॉग. रविवार होता, मशीन मोकळं होतं, मी माझ्या नेहमीच्या वेगानं ऐकत गेले. सुरू झाली अकरा वाजता, थांबली एक वाजता. सुरू झाली, थांबली. मागच्या आठवड्यापासून मागं मागं गेले तर ती रांग संपेना. दीड वर्ष मागं गेली. पण ती सलग नव्हती. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात टायमर बंद होता, शाळा सुटली त्या दिवसापासून भरली त्या दिवसापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत बंद. श्रावणात तीन दिवस बंद, तेव्हा मी तापानं घरी झोपून होते. मी घरात असले की कुणीतरी तो हातानं थांबवत होतं आणि मी बाहेर पडले की पुन्हा लावत होतं. या वर्षीची सुट्टी लागली तेव्हा थांबवणारा पुण्याला होता.

मला राग आला तो आधी. माझ्या पाठीमागं माझं मशीन बांधून ठेवत होता. कशासाठी, मशीन तापू नये म्हणून? वीज वाचावी म्हणून? मी खाली गेले आणि त्या बाईला विचारलं, मी शाळेत गेल्यावर दादा वर काय करायचा?

ती म्हणाली, "हौ आपा, भाईजान रोज लगाते थे की उसको. तुमे इस्कूल को गए की चालू. रुक रुक के बोलती थी. मै समझी तुमेच सिखाए."

चार वाजता मी दादाला साधा फोन लावला. बोलायची सगळी तयारी केली होती.

"माझ्या मशीनला टायमर लावलास तू."

तो म्हणाला, "अरे देवा. राहिलाच की तो काढायचा."

"कशाला लावला होतास?"

"लई फास्ट बोलते गं ती. एक अक्षर कळत नव्हतं मला. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की आवाज रेंगाळतो की नाही? म्हटलं प्रोसेसर खाली आणला तर ही पण हळू बोलेल."

"तसं नसतं रे. बोलायचा वेग वेगळा असतो. दोन बटणांचं काम होतं, मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

"मग बोलली का हळू?"

"हळू नाही. पण मधेमधे अडायला लागली. ती अडायची तेवढ्यात आधीचं वाक्य मला उमजायचं. पेपर ऐकायचो. अर्धा पेपर व्हायचा एक वाजेपर्यंत."

मी म्हटलं, "तुला कशाला ऐकायला हवा होता? तुझा छापील पेपर येत होता की दारात."

"तो दिसत नव्हता," दादा म्हणाला. "दोन वर्षं झाली. मधलं गेलंय. तू म्हणायचीस ना तेव्हा, समोरच्याचे कान दिसतात पण तोंडच नाही. तसंच. कडेचं दिसतं, त्यामुळं चालायला-फिरायला काही अडत नाही. रिक्षा ओळखू यायची मला. त्या चार ओळी लिहिल्या तेव्हा अक्षरं वीतभर मोठी करून लिहिल्या. नंतर तेही होईना, म्हणून टायमर. तो लावायची-थांबवायची आज्ञा बोटांना पाठ होती."

मला एकदम मोडनिंबचं लग्न आठवलं. नात्यातलं लग्न, दादानंच पत्रिका वाचून दाखवलेली. आम्ही पोचलो तर मांडव उतरवायला घेतला होता, लग्न आदल्या दिवशीच होऊन गेलेलं. परतीच्या एसटीत मी त्याला सोलापूर येईपर्यंत चिडवलं, की आंधळी मी आहे का तू. तो माझ्याबरोबर हसत होता. बँकेची पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं तोच मला वाचून दाखवायचा. त्या दोन वर्षांत त्यानं काय वाचलं आणि काय अंदाजानं सांगितलं, कुणास ठाऊक.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे कागद मी वाचत होतो. मलाच दिसत नाही म्हटल्यावर तू कुणाच्या भरवशावर राहणार होतीस? म्हटलं आपण जावं पोराकडं, म्हणजे तूही येशील मागोमाग. तर तू बसलीस हटून."

मी रागावू शकले नाही, कारण मला दुसरंच आठवत होतं. संध्याकाळी मी कानात इयरफोन घालून पेपर संपवायची आणि दादा शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचा. तो विचारायचा, "काय म्हणतोय पेपर?" आणि मी म्हणायची, "काही नाही, नेहमीचंच." डोळस माणसं आम्हाला हेच सांगतात. टीव्हीवर काय चाललंय, नेहमीचंच. बाहेर कसली गर्दी आहे, काही नाही गं. त्या उत्तरानं मी जन्मभर जळले, आणि तेच उत्तर मी त्याला दोन वर्षं रोज देत होते. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मी शाळेत जायची वाट बघितली आणि अडखळणाऱ्या मशीनपुढं बसून एकट्यानं पेपर ऐकला. मला वाटत होतं दादा गेल्यावर मी एकटी पडले. तो माझ्या शेजारी बसून एकटा पडला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. याची लाज मला अजून वाटते.

"त्याला सांगितलंस का?" मी पुतण्याबद्दल विचारलं.

"नाही. त्याला वाटतं मला करमत नव्हतं म्हणून आलो. तू पण बोलू नकोस एवढ्यात. सकाळी भाजी निवडून देतो, नातवाला गोष्टी सांगतो. कळलं की सगळं हातातून काढून घेतील आणि खुर्चीत बसवतील."

हे मला त्यानं समजावून सांगायची गरज नव्हती. रोज साडेअकराला मी त्याच भीतीनं मागं सरकून बसत होते.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"पहिलं वर्ष कसं काढलंस गं तू?"

मी सांगायला तोंड उघडलं. पांढरी काठी, ब्रेल, कपाटातल्या वस्तूंच्या ठरलेल्या जागा, चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट. पण ते सगळं नंतरचं होतं. पहिल्या वर्षी मी भिंतीकडं तोंड करून पडून होते आणि हा नवीन नोकरीवरून घरी येऊन, हातपाय धुऊन, मला अख्खा पेपर वाचून दाखवायचा. बाजारभाव, हरवले-सापडले, श्रद्धांजल्या, काही सोडायचा नाही.

"पहिलं वर्ष तू होतास की," मी म्हटलं.

त्यानं ठेवतो म्हटलं, पण फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. खाली पिकोचं मशीन चालू झालं, थांबलं, परत चालू झालं.

संध्याकाळी मी तो टायमर काढून टाकला. सोमवारी साडेअकराला कॉल आला, मशीननं बटण सांगितलं, मी पहिल्या घंटीला उचलला. पुतण्या म्हणाला, "आत्या, आज एकदम क्लिअर. काय केलंत?" मी सांगितलं की प्रोसेसरची हद्द कुणीतरी खाली बांधून ठेवली होती, ती सोडली. तो खरोखर खूश झाला. त्याच्या टीममधल्या कुणाला तरी त्यानं बोलावून सांगितलं की माझी आत्या, दिसत नाही तिला, पण हे बघ काय दुरुस्त केलंय. मग मला म्हणाला, "जिंकलात तुम्ही. मी आता आग्रह करणार नाही. राहा सोलापूरला, महिन्यातून एकदा येत जाईन मी."

मला हेच ऐकायचं होतं. त्यासाठी मी दोन आठवडे परातीवर लॅपटॉप ठेवून झगडले होते. शाळेतली मुलं, माझ्या पायाला पाठ असलेला जिना, खालची आपा-आपा करणारी बाई, सगळं माझ्या हातात परत आलं होतं.

मी म्हटलं, "नको रे. नाही जमत मला एकटीला. जूनमध्ये ये न्यायला."

तो मऊ आवाजात म्हणाला, "बरं झालं तुम्हीच म्हणालात आत्या." शाळेला मी फोनवर कळवलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. ती शाळा सुटली याचं दुःख मला आजही आहे आणि ते दादामुळं हलकं झालेलं नाही.

आता पुण्याला येऊन वर्ष होत आलं. घरची माणसं कामावर गेली की मी दादाला बोटानं वाचायला शिकवते. म्हातारी बोटं जाड असतात, फार चुकतो आणि चिडतो. हे सगळं लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, लिही बिनधास्त, आपलं पोरगं मराठी पुस्तक उघडत नाही.

पाहुणे आले की पुतण्या प्रेमानं सांगतो, आत्यांनी फार प्रयत्न केला, पण एकटं राहणं काही त्यांना झेपलं नाही. दादा शेजारीच बसलेला असतो, तो काही बोलत नाही. पाहुणे माझ्याकडं वळून जरा मोठ्या आवाजात, हळूहळू विचारतात, खरंच का हो? मी म्हणते, हो, नाही झेपलं.